तण खाई कासव

मृगाचा पाऊस बरा झाला की आठ-दहा दिवसांत संभाजीनगरच्या सिडकोतली, गारखेड्यातली, पडेगावातली अंगणं हिरवी होतात आणि पुढच्या रविवारी पुन्हा मातकट दिसू लागतात. मधल्या वेळात माळी येऊन गेलेला असतो. गुलाब, क्रोटन आणि लॉन एवढं राखून बाकी सगळं तो खुरप्यानं उपटतो. केना, पाथरी, एकदांडी, पेटारी, माका, वाफ्यात घुसलेली हराळी. कुंपणाबाहेर ढीग पडतो, संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या शेळ्या तो संपवतात. ‘तण खाई धन’ ही म्हण शेतकऱ्याची, पण शहरातल्या बंगलेवाल्यांनी ती त्याच्याहून जास्त मनावर घेतली आहे.

जमिनीवर राहणाऱ्या कासवाला विचारलं, तर त्याला लॉन चालेल, गुलाबाच्या पाकळ्या चालतील आणि क्रोटन अजिबात चालणार नाही. त्याचं खरं जेवण मात्र त्या ढिगातच असतं. ज्या घरात असं कासव असतं तिथे बहुधा उलटंच दिसतं. बाहेर तण उपटलं जातं आणि आत कासवापुढे काकडी, टोमॅटो, कोबी, पालक ठेवला जातो. कुठे दूधपोळीही. प्रेमात कमतरता नसते, पण कासवाची पाठ बिघडते ती याच प्रेमानं.

हा विषय संभाजीनगरात मांडायचा तर आधी कायदा सांगावा लागतो. आपल्याकडे हौसेनं पाळलं जातं ते मुख्यतः स्टार कासव. काळ्या कवचावर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं. राजस्थान-गुजरातचा कोरडा पट्टा, आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूची झुडपी रानं आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पूर्वी चौथ्या अनुसूचीत होतं. २०२२ च्या दुरुस्तीनं ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रांगेत गेलं, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आता ते विकणं, विकत घेणं, घरात बाळगणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. ‘आम्ही विकत घेतलं नाही, मामांनी भेट दिलं’ हा बचाव कामाचा नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ साली ‘साइट्स’ या वन्यजीव-व्यापाराच्या जागतिक कराराच्या जिनिव्हा परिषदेत कुलूप लागलं. स्टार कासव परिशिष्ट एकमध्ये गेलं आणि तो प्रस्ताव मांडणाऱ्यांत भारत होता.

एवढी कडक पावलं उचलावी लागली, कारण आकडे तसे होते. आंध्र-कर्नाटक सीमेवरच्या एकाच व्यापार-केंद्रातून वर्षाला किमान पंचावन्न हजार स्टार कासवं रानातून उचलली जातात, असा अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दिला. ‘ट्रॅफिक’ या संस्थेनं २००९ ते २०१९ या दहा वर्षांतल्या जप्ती मोजल्या तेव्हा देशात एक लाख अकरा हजारांहून अधिक कासवं तस्करीत सापडल्याचं दिसलं. आणि ही फक्त सापडलेली.

महाराष्ट्रात या मागणीला श्रद्धेचाही हातभार आहे. आपल्याकडच्या देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना पायाशी दगडी कासव असतं, तिथे थांबून नमस्कार करायची जुनी रीत आहे. वास्तुशास्त्राच्या दुकानांनी त्याला पितळेचं आणि काचेचं रूप दिलं, सराफांनी अंगठीत बसवलं. इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नव्हतं. ‘जिवंत असलं तर लक्ष्मी टिकते’ हे वाक्य पुढे कुणी जोडलं कोण जाणे, पण त्याची किंमत रायलसीमेतल्या माळांवरची कासवं मोजतात.

मग कायद्यानं काय पाळता येतं? मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी, कानामागे लाल पट्टा असलेली हिरवी पिल्लं ही अमेरिकेतली पाणकासवं. त्यांचं जग पाण्यातलं, लहानपणी त्यांचा आहार बराचसा मांसाहारी, त्यामुळे त्यांना या लेखातल्या वाफ्याचा उपयोग कमीच. (ती मोठी झाली की लोक तळ्यात सोडून देतात, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) जमिनीवरच्या परदेशी कासवांत भारतात सर्वाधिक आढळतं ते सुल्काटा, आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्रानं काढलेल्या नियमांनुसार साइट्सच्या यादीतला असा परदेशी प्राणी घरी असेल तर ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, नवा आणला तर तीस दिवसांच्या आत. पिल्लं झाली किंवा प्राणी दगावला तरी कळवावं लागतं.

नोंदणी हा सोपा भाग म्हणायचा. तळहातावर मावणारं सुल्काटाचं पिल्लू घेताना दुकानदार बहुधा सांगत नाही, की मुख्य भूमीवर राहणाऱ्या कासवांतलं हे जगातलं सर्वांत मोठं कासव आहे. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन सहज पन्नास किलोच्या पुढे जातं, आयुष्य माणसाच्या बरोबरीचं असतं, आणि जमिनीत कित्येक फूट बीळ खणायची त्याला उपजत हौस असते. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हे कुठे बसणार? ज्याच्याकडे अंगण नाही किंवा अंगण असून ते तणाला द्यायची तयारी नाही, त्यानं हे जनावर आणूच नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

आता जेवणाकडे. कासव चावत नाही, त्याला दात नाहीत. चोचीसारख्या जबड्यानं पान तोडायचं आणि गिळायचं. पचनाचं खरं काम मोठ्या आतड्यात चालतं. तिथले सूक्ष्मजीव चोथा आंबवतात आणि त्यातून शक्ती मिळते. सगळं हळू, दिवसेंदिवस चालणारं. या यंत्रणेला भरपूर तंतू, बेताची प्रथिनं, नगण्य साखर आणि पुष्कळ कॅल्शियम लागतं. कारण कवच म्हणजे हाडच, वरून नखाच्या जातीच्या खवल्यांनी मढवलेलं. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट असावं, असं कासवांचे डॉक्टर सांगतात. काकडी आणि टोमॅटोत हे प्रमाण उलटं आहे, फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. पालकात कॅल्शियम दिसायला चांगलं, पण त्याच्यासोबत ऑक्झलेटही भरपूर, आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. केळं, आंबा, कलिंगड यांतली साखर सुल्काटासारख्या चराऊ कासवाच्या आतड्यातलं आंबवण बिघडवते. कुत्र्या-मांजराचं खाद्य आणि डाळी तर दूरच ठेवायच्या.

इंग्लंडात कासव पाळणाऱ्यांनी हे ठेचा खाऊन शिकून घेतलं. तिथे भूमध्य समुद्राकाठची कासवं जहाजं भरभरून येत आणि पहिल्या हिवाळ्यातच मोठ्या संख्येनं मरत. १९८४ साली युरोपीय समुदायानं ती आयात थांबवली. राहिलेली कासवं जगवायची तर त्यांच्या मूळ रानासारखं खाणं हवं, हे कळल्यावर तिथले लोक परसात मुद्दाम डँडेलियन, मालवा, क्लोव्हर पेरू लागले. त्याआधी दोनशे वर्षं सेलबर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्यानं आपल्या बागेतल्या ‘टिमोथी’ नावाच्या कासवाच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या होत्या. टिमोथी मादी निघाली, तिचं कवच आज लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. पण इंग्लंडातल्या परसांतल्या त्या झाडांच्या याद्या जशाच्या तशा इथे आणायचं कारण नाही. डँडेलियनचं बी कुरिअरनं मागवून मे महिन्यात चिकलठाण्याच्या उन्हात रुजवणाऱ्यांची फक्त कीव करावी.

कारण डँडेलियनची सख्खी चुलत बहीण दारात उभी आहे. पाथरी. जमिनीला चिकटून पसरलेली दातेरी पानं, तोडल्यावर पांढरा चीक, पिवळं फूल आणि नंतर वाऱ्यावर उडणारं म्हातारीसारखं बी. मराठवाड्यात पाथरी भाकरीबरोबर कच्ची खाल्ली जाते, मीठ-तेल-शेंगदाण्याचा कूट लावून. किंचित कडवट, पण तोंडाला चव आणणारी. ओलिताच्या रानात, गहू-हरभऱ्याच्या बांधावर, लॉनच्या कडेला ती हिवाळ्यात जोरात येते, म्हणजे पावसाळी तण संपल्यावर. तिची थोरली बहीण म्हणजे सोंकस, जिला इंग्लंडातले कासववाले डोक्यावर घेतात, तीही आपल्याकडे ओलीच्या जागी आपोआप उगवते. ही दोन झाडं ओळखता आली तर निम्मं काम झालं.

मराठवाड्यात काय उगवतं याचा ठावठिकाणा हवा असेल तर शहरातच पाया घातलेला आहे. इथल्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले डॉ. व्ही. एन. नाईक यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केलेला ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली इथेच प्रसिद्ध झाला. तो कासववाल्यांसाठी लिहिलेला नाही, हे उघड आहे. पण हातातलं झाड नेमकं कुठलं, हे ठरवायला यासारखा आधार नाही, आणि कासवाच्या बाबतीत ‘साधारण तसंच दिसतं’ चालत नाही. दुसरा आधार गावाकडच्या बाया. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथे टोपलीमागे बसलेली बाई पान चुरगळून वासावरून झाड सांगते.

फक्त एक सांभाळायचं. माणसाची रानभाजी ती कासवाची रोजची भाजी असेलच असं नाही. आपण शिजवतो, पाणी काढून टाकतो, आठवड्यातून एकदा खातो. घोळ, चाकवत, काटेमाठ, आंबुशी ही ऑक्झलेटवाली मंडळी. चार पानं तोंडाला लागली तर बिघडत नाही, रोजचं ताट त्यांचं करू नये. केना मात्र निर्धास्त. निळ्या इवल्या फुलांचा, पाणीदार देठांचा केना पावसाळाभर आडवा पसरतो, तोडाल तितका फुटतो. पेटारी, जिला मुद्राही म्हणतात, ती जास्वंदीच्याच कुळातली, तिची पानं आणि पिवळी फुलं दोन्ही चालतात. खुद्द जास्वंदीचं फूल पाहिलं की कासव मान लांबवून येतं. गणपतीला वाहायचं लाल फूल कासवाच्या दृष्टीनं श्रीखंडपुरी आहे. एकदांडी, म्हणजे दगडी पाला, बारमाही फुलते, ती अधूनमधून. गवतात हराळी आणि मारवेल. सुल्काटाच्या आहाराचा मोठा वाटा गवताचाच हवा. बाजारात जुडी मिळते त्या लसूणघासात प्रथिनं जास्त, म्हणून तो चवीपुरता. कुसळी गवताची टोकं पिकली की ती डोळ्यांत आणि तोंडात रुततात, तेव्हा ते कोवळं असतानाच कापावं.

आणि निवडुंग. फड्या निवडुंगाच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे एकशे साठ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अवघं सोळा मिलिग्रॅम फॉस्फरस असतं, असे अमेरिकी कृषी खात्याचे तक्ते सांगतात. दहास एक! दख्खनच्या पठारावर एके काळी हाच निवडुंग इतका माजला होता, की त्याला आवरायला १९२६ साली कोशिनीलच्या जातीचा किडा मुद्दाम आणून सोडला गेला. आता बिनकाट्यांच्या जाती चाऱ्यासाठी लावल्या जातात. कुंपणाकडेला त्याची चार पानं रोवली की पाणी घालायची आठवणही ठेवावी लागत नाही. काटेरी जात असेल तर फडं जाळावर धरून काटे आणि बारीक कुसं जाळायची.

विषारी झाडांची ओळख मराठी घराला एका टोपलीत होते. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्री. त्यात दूर्वा आहेत, म्हणजे कासवाचं उत्तम अन्न. त्याच टोपलीत धोतरा, कण्हेर आणि रुईही आहे. कण्हेरीतली रसायनं हृदयाची लय बिघडवतात. तेव्हा निर्माल्य कासवापुढे ओतायचं नाही. विसर्जनानंतर ‘झाडपालाच तर आहे’ म्हणून तेच करण्याचा मोह होतो, म्हणून हे ठळक. घाणेरी अंगणाच्या कुंपणाला शोभते, तिच्या पानांनी यकृताला इजा होते. पावसाळ्यानंतर सह्याद्रीची पठारं पिवळी करणारी सोनकी फोटोत ठेवावी, तिच्या कुळात यकृत पोखरणारी अल्कलॉइड्स असतात. आणि गाजरगवत. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदलं गेलेलं हे तण आता इथल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. माणसाच्या कातडीला खाज आणणारं पार्थेनिन त्यात असतं. कोवळेपणी त्याचं रोप फुलझाडासारखं गोजिरं दिसतं, हीच त्याची चलाखी. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कोवळी ज्वारी खाल्ल्यानं जनावराला किरळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. हिरवं म्हणजे निर्धोक, हा समज शहरातला.

बाहेरून चारा खुडून आणण्यात आणखी एक अडचण आहे. खुरपणीची मजुरी परवडेना म्हणून मराठवाड्याच्या शेतात तणनाशकाचा पंप फिरतो. फवारणी झालेलं तण पहिले काही दिवस हिरवंच असतं. रस्त्याकडेचं तण धूर आणि कुत्र्यांच्या वाट्याचं. रोपवाटिकेतून आणलेल्या जास्वंदीच्या मुळाशीही कीटकनाशक असू शकतं. ते झाड निदान दोन-तीन महिने नव्या फुटीवर वाढवून मगच कासवाला द्यावं. म्हणून स्वतःचा वाफा लागतो.

वाफा करायचा तर कष्ट फार नाहीत, उलट काही कष्ट थांबवायचे आहेत. दहा बाय दहा फुटांचा तुकडा कुंपण घालून दोन भागांत विभागायचा. एका भागात कासव चरतं, दुसरा वाढतो. महिन्या-दीड महिन्यानं फाटक उलटं उघडायचं. शेणखत अगदी बेताचं. भरपूर खतावर वाढलेली पानं लुसलुशीत आणि पाणचट होतात, कासवाला हवा असतो चिवट चोथा. इथल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, गुलाबवाले त्याबद्दल कुरकुरतात, या वाफ्याला त्याचं काही वाटत नाही. पावसाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं येणाऱ्या शहरात लॉन ही चैन आहे. तण भांडी विसळलेल्या पाण्यावरही जगतं, त्यात साबण नसला म्हणजे झालं. पाथरीच्या म्हाताऱ्या उडण्याआधी सकाळी चिमटीनं काढून कागदी पुडीत ठेवायच्या. केना देठाच्या तुकड्यानं लागतो. पेटारीची वाळलेली बोंडं खिशात भरून आणता येतात.

कासवाच्या पाठीवर दिसणारे टेंगळासारखे उंचवटे प्रथिनांनी येतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २००३ साली व्हिएन्नात वीस्नर आणि इबेन यांनी सुल्काटाच्या पन्नास पिल्लांवर पाच महिने प्रयोग केला आणि वेगळंच पुढे आलं. प्रथिनांपेक्षा हवेतला कोरडेपणा मोठा दोषी निघाला. दमट हवेत वाढलेल्या पिल्लांची पाठ गुळगुळीत राहिली. संभाजीनगरच्या एप्रिल-मेमधल्या हवेत ओल नावाला नसते, कूलरच्या झोतात तर कासवाची पाठ थेट वाळते. इथे तणाचा दाट वाफा जेवणाबरोबर दुसरं काम करतो. पानांच्या बुडाशी हवा ओलसर राहते आणि लहान कासव दिवसाचा बराच वेळ तिथेच तोंड खुपसून बसतं. शेजारी उथळ परळ जमिनीत पुरून पाणी ठेवायचं, बुडण्याइतकं खोल नको. उन्हाची मात्र आपल्याकडे चंगळ आहे. इंग्लंडातला माणूस ड जीवनसत्त्वासाठी अतिनील दिवे विकत घेतो, आपण सकाळचं ऊन फुकट देऊ शकतो. पण ते उघडं हवं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात कॅल्शियम पचवायला लागणारे किरण उरत नाहीत, त्यामुळे बाल्कनीच्या बंद काचेमागे ठेवलेलं कासव उन्हात असूनही उपाशीच.

ज्यांच्या घरी अजाणता स्टार कासव आलेलं आहे त्यांना हे वाचून गौताळ्याच्या अभयारण्यात किंवा लेण्यांच्या डोंगरात ते सोडून द्यावंसं वाटेल. तसं करू नये. राजस्थानकडचं आणि दक्षिणेतलं स्टार कासव आनुवंशिकदृष्ट्या वेगळं आहे, हे संशोधकांनी दाखवून दिलंय. तस्करीत सापडून सिंगापूरहून परत आलेल्या कासवांचं मूळ ठरवायला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना डीएनए तपासावा लागला होता, तो अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. शिवाय घरातल्या कासवाच्या नाकातला जंतू रानातल्या कासवाला जड जातो. वन विभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे, तिथे कळवून कासव त्यांच्या हवाली करावं. ते नेईपर्यंतचे चार-दोन दिवस काकडी बंद करून हराळी, केना आणि जास्वंद द्यावी.

कठीण काळ मार्च ते मे. केना केव्हाच गेलेला, पाथरी वाळून कागद झालेली, पेटारी धूळ खात उभी. तेव्हासाठी पावसाळ्याच्या शेवटी मारवेल फुलोऱ्याआधी कापून सावलीत वाळवून गोणीत भरून ठेवायचं, देताना पाणी शिंपडून मऊ करायचं. निवडुंगाची फडं याच महिन्यांत कामाला येतात. रताळ्याचा एक वेल मोरीच्या बिनसाबणाच्या पाण्याच्या वाटेवर सोडला तर उन्हाळाभर पाला देतो. चोच घासायला आणि कॅल्शियमसाठी काष्ठौषधींच्या किंवा पक्ष्यांच्या दुकानातून समुद्रफेसाचा एक तुकडा आणून वाफ्यात टाकून द्यायचा. आणि माळ्याला त्या तुकड्यात खुरपं घालू नकोस असं एकदा बजावून चालत नाही, दर रविवारी बजावावं लागतं.